उताऱ्यावरून मायचं नाव कमी झालं

नाना, त्या सकाळी मी चुलीपुढे बसून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होते. माय अंगणात सडा टाकून आली होती आणि पाट्यावर मिरची-लसूण वाटत होती. माझी मुलगी तेव्हा पोटात होती, म्हणून मला पाण्याच्या कळशा उचलू देत नव्हते, एवढंच. बाकी माहेरी आले तरी काम होतंच, आणि मला ते आवडायचं. तुम्ही रात्रीची ड्युटी करून कारखान्यातून आला होता. अंगाला शेंगदाण्याच्या तेलाचा वास, पाय गरम पाण्याच्या घमेल्यात. मायने पाटा थांबवून बातमी सांगितली. पलीकडच्या गल्लीतला म्हातारा जाऊन महिनाही झाला नव्हता, आणि त्याच्या घराला दोन कुलपं लागली होती, एक थोरल्या पोराचं, एक धाकट्याचं. म्हातारी शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसून होती. तुम्ही बराच वेळ पाण्यात पाय हलवत राहिलात आणि म्हणालात, "आपण पण एकदा वकिलाकडे जाऊन लिहून ठेवायला पाहिजे. घर हिच्या नावावर राहू दे, मग पुढे पोरं."

मायने वरवंटा तसाच टाकला. "सकायम्हा कसाले मरननी गोट काढतस?" ती ओरडली, आणि तिखटाचे हात धुवून आत गेली, मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन आली आणि पाण्यात पाय घालून बसलेल्या तुमच्यावरून उतरवून चुलीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या. मी हसत होते. तुम्हीही हसलात आणि म्हणालात, "बरं बाई, नही मरत मी." त्यानंतर तुम्ही तो विषय कधी काढला नाहीत. घरात तीन माणसं होती, तिघांनाही वाटलं की वाईट काहीतरी टळलं. माझ्या डोळ्यांपुढे आजही ते घमेलं दिसतं, तुमच्या पायांवरची पांढरी झालेली कातडी दिसते, आणि मी भाकरी उलटते आहे.

नाना, तुम्ही तयारीचे माणूस होता. नळाचे वायसर जास्तीचे आणून डब्यात ठेवलेले. सायकलच्या पंक्चरचं सामान, कंदिलाची काच, फ्यूजची तार, सगळं. लग्नाला जायचं तर गाडी चुकली तर काय, याचाही विचार तुमचा आधीच झालेला असे. अक्काचं लग्न झालं तेव्हा पावसाने मांडव भिजला तर म्हणून तुम्ही शाळेच्या वर्गखोल्या मागून ठेवल्या होत्या, उन्हाळ्याच्या दिवसांत. सगळी गल्ली तुम्हाला हसली होती. असा माणूस आपल्यामागे बायको कुठे राहील एवढं एकच लिहून ठेवायचं विसरत नाही. तुम्ही विसरला नव्हता. आम्ही तुम्हाला गप्प केलं आणि तुम्ही गप्प बसलात. गप्प बसणं तुम्हालाही सोयीचं वाटलं असेल का, हे मला आता विचारता येत नाही.

तुम्ही गेलात त्या वर्षी आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, भाऊने आम्हा दोघी बहिणींना आणायला मुद्दाम माणूस पाठवला. आखाजीला माहेरी जायचं हे काय नवीन नव्हतं, पण त्या वर्षी तुमच्या नावाची घागर भरायची होती. माय पाण्याने भरलेली घागर आणि त्यावर आंबा ठेवत होती आणि अक्का पुरण वाटताना रडत होती. जेवणं झाल्यावर भाऊ म्हणाला, "उद्या जरा कचेरीत जाऊन येऊ. तुम्ही दोघी आल्याच आहात, तर सह्या होऊन जातील." धाकटा भाऊ मान खाली घालून रसाची वाटी फिरवत होता. कसल्या सह्या, हे आम्ही कोणी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. आखाजी झाली की दुसऱ्या दिवशी निबंधकाच्या कचेरीबाहेर माहेरवाशिणींची गर्दी असायची, नव्या साड्या नेसून, कडेवर लेकरं घेऊन. बहिणीने हक्क सोडायचा, भावाने साडी-चोळी करायची. आमच्याकडे यात कोणाला काही वावगं दिसत नव्हतं. मलाही दिसलं नाही.

कचेरीबाहेर लिंबाखाली दस्त लिहिणारा बसला होता, टाइपरायटर घेऊन. अक्का त्याही दिवशी चेष्टेत होती. "भाऊ, साडी भारी घेजो बरं, अर्धं घर देते मी तुला. सुती देऊन पळू नको."

भाऊ म्हणाला, "अर्धं कुठलं? हिशेब येतो का तुला?"

"हिशेब येत असता तर इथे आले असते का?" अक्का म्हणाली, आणि लिंबाखालच्या सगळ्या बायका हसल्या. दस्त लिहिणाराही हसला. मग त्याने आमच्याकडे बघून विचारलं, "ताई, सही केली म्हणजे पुढे काही मागायचं नाही, समजलं ना?" अक्का म्हणाली, "आखाजीला बोलावलं म्हणजे झालं, दुसरं काय मागायचं?"

आणि मग त्याने सहजच विचारलं, "आईचं नाव ठेवायचं का तेही कमी करायचं?"

नाना, त्या क्षणापर्यंत मायचं नाव काढायचं कोणाच्या डोक्यातही नव्हतं. भाऊच्याही नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. त्याने धाकट्याकडे बघितलं. धाकटा म्हणाला, "पुढे पुन्हा कोण खेटे घालील? सगळं एकदाच होऊन जाऊ दे. माय काय कुठे जाणार आहे?" आणि माय, जी फक्त आमच्याबरोबर आली होती, पदराने वारा घेत दगडावर बसली होती, तीच म्हणाली, "मन्हं नाव ठेईसन काय कराणं शे? बठ्ठं पोरेसनंच शे." तिने अंगठा पुढे केला. आम्ही सह्या केल्या. पुढे घराच्या उताऱ्यावरून आम्हा दोघींची नावं कमी झाली आणि त्याबरोबर मायचंही. तिच्या अंगठ्याची शाई जात नव्हती म्हणून ती घरी येऊन चुलीतली राख घासत बसली होती. आम्हाला साड्या मिळाल्या. अक्काला जांभळी, मला हिरवी. मायलाही भाऊने लुगडं घेतलं होतं आणि ती ते सगळ्या गल्लीत दाखवून आली.

कोणी कोणाला फसवलं नाही. हे मी स्वतःला अनेकदा सांगितलं आहे. फसवलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

काही वर्षांनी भाऊ-भाऊ वेगळे झाले. घर भाऊकडे गेलं, गावाकडचं शेत धाकट्याकडे. धाकट्याने ते विकून रावेरला सासुरवाडीकडे बस्तान बसवलं, केळीच्या पॅकिंगच्या धंद्यात पडला. आणि मायला दोघांनी वाटून घेतलं, काही महिने अमळनेरला भाऊकडे, काही महिने रावेरला. तिची पत्र्याची पेटी होती, तुम्ही लग्नानंतर घेतलेली, तीत दोन लुगडी, तुमचा फोटो आणि औषधांची पिशवी. भाऊ तिला गाडीत बसवून द्यायचा, धाकटा भुसावळला उतरवून घ्यायचा. भुसावळच्या फलाटावर पुष्कळ म्हाताऱ्या अशा पेटी घेऊन बसलेल्या दिसतात. मी पूर्वी त्यांच्याकडे बघत नव्हते.

वहिनी वाईट होती असं मी म्हणणार नाही. तिने मायला कधी उपाशी ठेवलं नाही, कधी तोंडाने वाकडं बोलली नाही. पण एकदा मी अमळनेरला गेले असताना बघितलं, माय स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून विचारते आहे, "बाई, लोणचं घेऊ का थोडं?" ते लोणचं तिनेच घातलेलं होतं. बरणी तिची होती. ज्या फळीवर ती ठेवली होती ती फळी तुम्ही तिच्या उंचीला बसवली होती, तिला हात वर करावा लागू नये म्हणून. वहिनी म्हणाली, "घ्या ना आत्या, विचारता काय?" आणि तरीही पुढच्या वेळी माय विचारणार, हे मला तिच्या तोंडावर दिसलं.

माझ्याकडे धुळ्याला ती यायची, पण राहायची नाही. "जावईना घर किती दिन ऱ्हावानं?" म्हणायची. तुमचे जावई स्वतः सांगायचे, राहा म्हणून. एका दुपारी ती सुपात तांदूळ निवडत होती आणि मी लायब्ररीतून आणलेलं पुस्तक वाचत होते. सातवीनंतर तुम्ही मला शाळेतून काढलं, पण वाचायची सवय काढता आली नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. तिने सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "मन्हं घर कोणतं शे व?"

मी पुस्तकातून मान वर न काढता म्हणाले, "अगं, दोन्ही तुझीच."

"दोन्ही मन्हाच शेतस, मंग पेटी कसाले भरनी पडस?"

मी पुस्तक मिटलं. ती माझ्या उत्तराची वाट न बघता पुन्हा खडे काढायला लागली होती.

माय रावेरला गेली. म्हणजे वारली. खरं तर तेव्हा भाऊची पाळी सुरू झालेली होती, पण त्याच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते, घरात धावपळ होती, म्हणून त्याने धाकट्याला फोन करून सांगितलं, थोडे दिवस तिकडेच राहू दे. धाकट्याची बायको म्हणाली असेल काहीतरी. माय पेटी भरून बसली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा पेटी दारातच होती, दोरी बांधलेली. अंगणात केळीच्या घडांनी भरलेला ट्रॅक्टर उभा होता, तो हलवल्याशिवाय तिला बाहेर काढता येत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं आता मला कशाला सांगतेस? सांगते. त्यानंतर मी वाचायला लागले. कथा-कादंबऱ्या बाजूला ठेवल्या आणि लायब्ररीतून वारसाहक्काची, मृत्युपत्राची मराठी पुस्तकं आणली. समजायला वेळ लागला. पण एक गोष्ट समजली ती अशी, की ते घर तुमच्या स्वतःच्या कमाईचं होतं. वडिलोपार्जित नव्हतं. तुम्ही साध्या कागदावर लिहिलं असतं, माझ्यामागे घर बायकोचं, तिच्यामागे मुलांचं, आणि दोन शहाण्या माणसांच्या साक्षीने सही केली असती, तर पुरलं असतं. वकीलसुद्धा लागला नसता. ती मोहऱ्या उतरवत होती तेवढ्या वेळाचं काम होतं. आणि तुम्ही लिहिलं नव्हतं तरी तिचा वाटा कायद्याने तिचाच होता. तो तिने लिंबाखाली देऊन टाकला, आणि आम्ही तिला देऊ दिला.

पुढे तुमचे जावई गेले, तेव्हा याची दुसरी बाजू कळली. त्यांनी नोकरीला लागताना ऑफिसात वारस म्हणून त्यांच्या आईचं नाव दिलं होतं. लग्नाआधीची गोष्ट, तेव्हा दुसरं कोणाचं देणार? मग लग्न झालं, मुलं झाली, आई वारल्या, आणि ते नाव तसंच राहिलं. ऑफिसातला माणूस भला होता. म्हणाला, "मावशी, साहेबांनी एक ओळ बदलली असती तर तुम्हाला कोर्टात जावं लागलं नसतं." मी वारस दाखल्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले, आणि चढताना मला राग यायचा तो त्यांचा नाही, आमच्या सगळ्यांचा. आपण बारशाला, लग्नाला, घरभरणीला सगळ्या गावाला बोलावतो, आणि त्या प्रत्येक वेळी घरात नवीन माणूस आलं तर कागदावरही ते आलं पाहिजे, हे कोणाला आठवत नाही. माझ्या नातवाच्या बारशाला मी मुलाला बाजूला घेऊन विचारलं, "तुझ्या विम्यावर कोणाचं नाव आहे रे?" तो म्हणाला, "आई, आज तरी नको ना." अगदी मायच्या आवाजात म्हणाला. त्याच्या बायकोने मात्र ऐकलं होतं. तिने पाठपुरावा करून बदलून घेतलं.

आता माझी गोष्ट. धुळ्यातलं देवपूरचं हे घर तुमच्या जावयांनी माझ्या नावावर घेतलं होतं. मी एकटी राहते. मुलगा पुण्याला, मुलगी शिंदखेड्याला सासरी, तिथल्या शाळेत शिकवते. गेले काही महिने मुलगा म्हणतो आहे, घर आत्ताच बक्षीसपत्राने माझ्या नावावर कर. तो लोभी नाही, नाना. त्याचं म्हणणं सरळ आहे. नंतर कटकट नको, आत्ता तू हिंडती-फिरती आहेस, ताईही तयार आहे, कागद साफ होऊन जाईल. तू राहा ना इथेच, तुला कोण उठवतंय? त्याने वकील बघितला, उद्याची वेळ घेतली, ताईला बोलावलं. मी हो म्हणून बसले आहे. हो म्हणताना मला अडचण वाटली नाही. फोन ठेवल्यावर वाटायला लागली.

मी मुलीला फोन केला. विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "आई, मला काही नको. त्याला दे. मला फक्त यायला घर असलं म्हणजे झालं." पोरगी शिकलेली, वर्गात मुलींना हक्क शिकवते, आणि बोलली अक्कासारखी. मी तिला म्हणाले, यायला घर कोणाचं असेल ते तरी विचार. ती हसली. म्हणाली, "तू फार वाचतेस."

म्हणून आज हे लिहायला बसले. उद्या काय करायचं ते मला कोणाला तरी विचारायचं होतं, आणि ज्यांना विचारायचं ते तुम्ही. आयुष्यभर मी सगळ्यांना सांगत आले की नानांसारखा माणूस नाही, नाना असते तर मायवर ही वेळ आली नसती. ते खोटं नाही. पण एवढं लिहून झाल्यावर एक गोष्ट कबूल करावी लागते, जी मी कधी मनातसुद्धा पुरती म्हटली नव्हती. मला तुमचा राग येतो. भावांचा येत नाही, वहिन्यांचा येत नाही, तुमचा येतो. मायने मीठ-मोहऱ्या उतरवल्या तरी तुम्ही दुसऱ्या दिवशी एकटे जाऊ शकत होता. सायकल होती. कचेरी कारखान्याच्या वाटेवरच होती. तुम्हाला आमचं हसू मोडायचं नव्हतं, हे मला कळतं. मलाही उद्या मुलाचं मन मोडायचं नाही. म्हणूनच कळतं.

हे पत्र मी कपाटात ठेवणार नाही आणि कोणाला दाखवणारही नाही. लिहून झालं, पुरे.

नाना, काल पुरे म्हटलं होतं, पण पुढचंही सांगते. आज सकाळी, मुलं यायच्या आधी, मी वकिलाला फोन केला. बक्षीसपत्र नको, मृत्युपत्र तयार करा म्हणाले. तो म्हणाला, "मावशी, तुमच्या मुलाने तर..." मी म्हणाले, "घर कोणाच्या नावावर आहे?" तो म्हणाला, "करून ठेवतो." मुलगा आला, मुलगी आली, चहा दिला, आणि दोघांना समोर बसवून सांगितलं. मी जिवंत आहे तोवर घर माझं. माझ्यामागे दोघांचं, सारखं. मुलगी म्हणाली, "आई, कशाला गं?" मुलाने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "तुझा माझ्यावर विश्वास नाही का?"

"आहे," मी म्हणाले. "मायचाही होता."

शेजारचे मास्तर आणि त्यांच्या घरच्या, दोघं साक्षीला आले. डॉक्टरांचा दाखला घेतला. कचेरीत फोटो काढला, अंगठा यंत्रावर ठेवला, सही केली. घरी येऊन स्वयंपाक केला. मुलगी जेवली. मुलगा न जेवता पुण्याला निघाला. मी त्याच्यामागे दारापर्यंत गेले. बदलते मी ते मृत्युपत्र, असं अगदी ओठांवर आलं होतं. म्हणाले नाही.